माशाच्या डोळ्यावरची साय

आये,

तुला वाचता येत नव्हतं, मला लिहिता येत नाही, आणि तू जाऊन चाळीसच्या वर वर्षं झाली. तेव्हा या पत्राची भीती कुणाला वाटायचं कारण नाही, असं मी सकाळी हिला म्हटलं. ही म्हणजे माझी सून, तुझ्या नातवाची बायको. तू हिला पाहिलं नाहीस. साताऱ्याकडची, शाकाहारी घरातली. लग्न होऊन आली तेव्हा बोंबलाच्या वासाने तीन दिवस डोकं धरून बसली होती. आता पेन हिच्या हातात आहे आणि मी पलंगावर पाय पसरून सांगते आहे. मी 'पानी' म्हणते, ही 'पाणी' लिहिते. म्हटलं, लिही तुझ्या मनासारखं, माझ्या आयला कळलं म्हणजे झालं. हसते आहे. हसू दे. या पत्रात एक गोष्ट येणार आहे जी हिला सात वर्षं माहीत नाही. ती आली की हिचा हात थांबेल, आणि त्यानंतर ही मला 'आई' म्हणेल की नाही ते मला माहीत नाही. समोरासमोर माझं तोंड उघडत नाही, म्हणून हिलाच लिहायला बसवलं. तुला सांगता सांगता हिच्या कानावर गेलं तर गेलं. बघ, पेन आत्ताच थांबला. "कसली गोष्ट, आई?" लिही गं तू. क्रमाने येईल.

निमित्त कालचं. इथे आचोळ्यात, आमच्या इमारतीत, मला माशांची डॉक्टरीण म्हणतात. मासळी विकण्यात जिचा जन्म गेला ती आता मासे बरे करते, हे ऐकून तू टोपली खाली ठेवून हसली असतीस. पण इकडे घरोघर काचेच्या पेट्या झाल्या आहेत. त्यात रंगीत मासे सोडतात. खायचे नाहीत, विकायचे नाहीत, नुसते बघायचे. आणि त्यांचा डोळा बिघडला की प्लास्टिकच्या पिशवीत पाण्यासकट घालून माझ्यापुढे आणतात. मी पिशवी खिडकीच्या उजेडाकडे धरते. आधी पुढून बघते, मग वरून, कारण सूज वरून नीट कळते. दोन्ही डोळे धुरकट असले तर पाणी बिघडलंय, माशाला नको, पाण्याला औषध कर. एकच डोळा असला तर मार लागलाय, दगडाचा नाहीतर हाताचा. साय वरवर असली तर जाते. आत बाहुलीतच पांढरं धरलं असेल तर ते राहतं, माझ्या मोतीबिंदूसारखं. आणि दोन्ही डोळे बाहेर, पोट फुगलेलं, खवले उभे, असं दिसलं की मी पिशवी परत देते आणि जेवणाची वेळ झाली म्हणते. तर काल वरच्या मजल्यावरची शेजारीण आली. माशाचा एकच डोळा सुजलेला. मी अजून पिशवी हातात घेतली नाही तोच म्हणाली, "आजी, आमच्या कामवालीनेच केलंय हे. उद्यापासून बंद करते तिला." माझ्या तोंडून निघून गेलं, "कामवालीला मागून विचार. आधी घरातल्या म्हातारीला विचार." जमलेल्या सगळ्या बायका हसल्या. ही सगळ्यांत जास्त हसली. मला मात्र घशाशी आलं. जेवले नाही मी काल. हिला वाटलं पित्त आहे.

हे घशाशी येणं तुझ्याच हाताखाली सुरू झालं, आये. मी आठ-नऊ वर्षांची असेन. पाचूबंदरला होड्या लागल्या आहेत, लिलावाचा आरडाओरडा चालू आहे, आणि तू मला काखेला धरून टोपलीवर वाकवते आहेस. "डोला बग आदी, मंग कल्ला. डोला भायेर, पानीदार, काळा कुळकुळीत, तर मासली कालची न्हाय. डोला आत गेला, वर साय आली, तर कोन कितीबी गोड बोलू दे, घेऊ नको." मला पाटीवरची अक्षरं कधी आली नाहीत, पण माशाचा डोळा मी तुझ्याकडून शिकले आणि त्यात कधी चुकले नाही. मग तो दिवस आला. बर्फाची गाडी आली नव्हती, वसईच्या बाजारात आपण ऊन चढेपर्यंत बसलो होतो, आणि टोपलीत दोन मोठे रावस उरले होते. त्यांच्या डोळ्यांवर साय धरायला लागली होती. तू इकडेतिकडे बघितलंस, लुगड्याचा पदर मिठाच्या पाण्यात बुडवलास आणि माझ्या अंगठ्याला गुंडाळलास. "पूस. हलक्या हाताने. तुझा हात लहान हाय." मी पुसलं. ती साय अंगठ्याखाली कशी सरकली ते मला अजून सांगता येतं. शेंबूड आणि साबण यांच्यामधलं काहीतरी. खालून डोळा चकचकीत निघाला आणि माझ्याकडेच बघायला लागला. चार डोळे पुसले मी.

तेवढ्यात आपली रोजची गिऱ्हाईक आली, ती शाळेतली मास्तरीण, जाड भिंगांच्या चष्म्याची. तिला स्वतःलाच धड दिसत नव्हतं, म्हणून ती तुला विचारायची नाही, मला विचारायची. "पोरी, ताजं आहे ना गं?" आणि मी म्हटलं, हो. ती गेल्यावर मी मागे भिंतीपाशी जाऊन ओकले. तू आलीस, पाठीवर हात फिरवशील असं वाटलं, तर थोबाडीत दिलीस. "नाक मुरडतेस? तुझं ह्ये नाक मासलीवरच वाडलंय." खोटं नव्हतं ते. तू रोज असं करायचीस असंही नाही; बर्फ आला नाही त्याच दिवशी. पण त्यानंतर ती मास्तरीण आपल्या टोपलीपाशी कधी बसली नाही. दोन टोपल्या पलीकडे बसायची. जाताना तुझ्याकडे बघायची नाही, माझ्याकडे बघून हसायची. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

असो. आता हिच्या काचेच्या पेटीचं ऐक. माझा लेक आणि ही, दोघं मुंबईला एकाच ऑफिसात होती. नात झाल्यावर हिने नोकरी सोडली, आणि घरात जीव रमेना म्हणून एक दिवस स्टेशनजवळच्या दुकानातून ही पेटी घेऊन आली. टीव्हीशेजारी मांडली. त्यात एकच मासा, नारिंगी, तळहाताएवढा, पोट सुटलेला. दिवसातून दोन वेळा आयतं खायचं, उरलेला वेळ तोंड उघडमीट करत फिरायचं, आणि घरातल्या बाईने त्याला 'खाल्लं का रे नीट' म्हणून विचारायचं. मी त्याचं नाव जावईबापू ठेवलं. हिला आधी राग आला, मग हीच म्हणायला लागली. पण मला त्या पेटीची किळस यायची, खरीखुरी. हे हिला कधी पटलं नाही. "आई, तुम्ही आयुष्यभर माशांत राहिलात!" मेलेल्या माशांत राहिले, बाई. मेलेला मासा स्वच्छ असतो. तो हगत नाही. हा त्याच पाण्यात खायचा, त्याच पाण्यात सोडायचा, त्याच पाण्यातून श्वास घ्यायचा, आणि मागे त्याचं ते लांबलचक लोंबत असायचं, तेही आम्ही चहा पितो त्याच वेळी. आणखी एक. माझ्या सुकटीचा डबा गॅलरीत, कारण हिला वास सहन होत नाही. पण फ्रीजमध्ये बर्फाच्या खणात, मटारच्या शेजारी, या जावयासाठी लाल अळ्यांच्या वड्या! शाकाहारी घरातली मुलगी चिमटीत धरून अळ्या विरघळवते आणि वर म्हणते, "त्याला प्रोटीन लागतं." पेन का थांबला? खोटं आहे का? लिही.

मग हिच्या भावाचं लग्न निघालं. ही नातीला घेऊन आठ दिवस साताऱ्याला गेली. लेक उजाडायच्या आत घराबाहेर, परत यायचा तो जेवायला आणि झोपायला. दिवसभर घरात मी, जावईबापू, आणि धुण्याभांड्याला येणारी आपली अर्नाळ्याची बाई. ती मूळची आपल्याच माणसांतली. पहिल्याच दिवशी मला ओळखून म्हणाली होती, "मावशी, तुमची आय न् माझी आय बाजारात शेजारी बसायच्या." जाताना हिने मला बजावलं होतं, "आई, सकाळी चिमूटभर खाणं टाका. बाकी काही करू नका. पाण्याला हात लावू नका." मी पदर नाकाला लावून म्हटलं, "हात लावते आहे मी! तिकडे बघवतसुद्धा नाही मला." आणि हे मी मनापासून बोलले होते.

पण ते दिवस उन्हाळ्याचे होते, आणि तेव्हा आमच्याकडे दुपारी वीज जायची ती चार-चार तास. वीज गेली की पेटीतला हवेचा पंप बंद. पाणी तापायचं. तिसऱ्या दिवशी पाण्यावर फेस आला, चौथ्या दिवशी वास. आये, तुला माहीत आहे, टोपलीला वास आलेला तू खपवून घ्यायची नाहीस. राखेने आणि नारळाच्या शेंडीने घासघासून हातांची सालटी निघायची माझ्या. तो वास नाकात गेला आणि मला वाटलं, हे घर आहे की उकिरडा? मी जावयाला मगाने बादलीत काढला, पेटी रिकामी केली, आणि आतला तो काळा स्पंज बाहेर काढला. त्यातून जे पिळून निघालं ते मी हिला लिहायला सांगणार नाही, ही आत्ताच जेवली आहे. मी तो स्पंज साबणाच्या पावडरीत भिजवला, दगड घासले, काच घासली, गच्चीवरच्या टाकीत टँकरचं पाणी नुकतंच पडलं होतं ते नळाने भरलं आणि जावयाला त्यात सोडला. अशी लखलखीत पेटी या घरात कधी दिसली नव्हती.

हो. मीच धुतली. लिही ते. "तुम्ही?" म्हणते आहे. मी, मी. याच हातांनी. पुढे लिही, अजून संपलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पाहिलं तर जावईबापू तळाला बसलेले, आणि दोन्ही डोळ्यांवर साय. बारीक, दुधावर पहिल्यांदा धरते तशी. माझं काळीज हललं. मासा मरेल याचं नाही, खोटं कशाला सांगू. मासे मरताना मी पुष्कळ पाहिले. मला एवढंच दिसत होतं की परवा ही येणार, आणि साठ वर्षं माशांत घालवलेल्या बाईला एक मासा आठ दिवस सांभाळता आला नाही, असं साताऱ्याच्या शाकाहारी पोरीकडून ऐकून घ्यावं लागणार. तेव्हा मला दुसरं काही सुचलं नाही. तुझंच सुचलं. मी पदर मिठाच्या पाण्यात बुडवला, अंगठ्याला गुंडाळला, डाव्या हाताने त्याला पाण्यातून उचलला आणि डोळा पुसला. हलक्या हाताने. पण माझा हात आता लहान नाही. आणि मेलेला मासा हलत नाही, आये, हा हलला. जिवाच्या आकांताने हलला. अंगठा डोळ्यात गेला. साय नाहीच निघाली, तिच्याखालचं काहीतरी सरकलं. तोच तो बुळबुळीतपणा, साठ वर्षांनी, तसाच. मी त्याला पाण्यात टाकला आणि मोरीत जाऊन ओकले. दुसऱ्या डोळ्याला हात लावायची हिंमत झाली नाही. मागे वळले तर दारात ती बाई उभी होती, संध्याकाळच्या भांड्यांना आलेली. आदल्या दिवशी साबणाचा फेसही तिने पाहिला होता. म्हणाली, "मावशी, ह्ये काय करून बसलाव?" मी म्हटलं, "वैनीला सांगू नको. आपल्या दोघींत राहू दे." तिने माझं तोंड बघितलं, तांब्याने मला चूळ भरायला पाणी दिलं, आणि म्हणाली, "मी कशाला सांगू? तुमी आमच्यातल्या मोठ्या."

ही आली तोवर तो डोळा काचेच्या गोटीसारखा बाहेर आला होता. तुझ्या शिकवणीप्रमाणे बघितलं तर त्या दिवशी त्याच्याइतका ताजा मासा सगळ्या वसईत नव्हता. हिने बॅगसुद्धा खाली ठेवली नाही. तशीच दुकानात पळाली आणि दुकानदाराला घेऊन आली. लुकडा माणूस, कानावर पेन्सिल, अर्धं मराठी अर्धं हिंदी बोलायचा. त्याने बॅटरी मारून आधी पुढून बघितलं, मग वरून. म्हणाला, "वहिनी, दोन्ही आंखोंवर जाळी आहे, म्हणजे पाणी गया. पण सूज एकाच डोळ्याला आहे. ते पाण्याने होत नाही. याला कुछ लगा है. घरात कोणी हात घातला काय?" मग त्याने स्पंज काढून मगात पिळला. फेस आला. "साबण," तो म्हणाला, "और ऊपर से टँकरचं पाणी. त्याच्यात औषध असतं. एक दिवस बादलीत उघडं ठेवून मग घालायचं. ये किसने किया?" ही माझ्याकडे वळलीसुद्धा नाही. "आई तर जवळ जात नाहीत," ही म्हणाली, "त्यांना किळस येते." आणि मी तिथेच उभी होते, आये, पदर नाकाला लावून. मला तेव्हाही खरोखरच किळस येत होती. इतकी खरी होती की तिच्याआड दुसरं काहीही लपलं असतं.

मग घरात साबणाला हात लावणारं उरलं कोण? भांडी घासणारी. हिने तिला विचारलं. ती म्हणाली, "मी न्हाय, वैनी." हिने विचारलं, "मग कोणी?" ती गप्प. ही म्हणाली, "चूक झाली असेल तर सांग ना, मी काय खाणार आहे का तुला? पण खोटं बोलू नकोस." मी तिच्याकडे बघितलं नाही, पंख्याकडे बघत होते. दुसऱ्या दिवशी हिने तिला सांगितलं, उद्यापासून येऊ नकोस. तिने ओले हात पदराला पुसले, हिला "बरं वैनी" म्हणाली, आणि मला म्हणाली, "मावशी, येते." एवढंच. मी म्हटलं, "ये."

इथे हिने पेन ठेवला आणि उठून आत गेली. स्वयंपाकघरात नळ सोडल्याचा आवाज येत होता, भांडी काही नव्हती घासायला. मी बोलावलं नाही. बऱ्याच वेळाने आली, डोळे पुसलेले, पेन उचलला आणि म्हणाली, "सांगा. आणि मी उठून गेले तेही सांगा, तेही लिहिते." मी म्हटलं, तुला वाईट कसलं वाटतंय, माशाचं? तर म्हणाली, "माशाचं गेलं खड्ड्यात. मी तिला खोटारडी म्हटलं." हे तू ऐक, आये. तू मला दुसऱ्याच्या डोळ्यावरची साय पुसायला शिकवलंस. मी सात वर्षं हिच्या डोळ्यावर साय धरू दिली आणि त्या बाईला ती पुसू दिली नाही.

उरलेलं थोडक्यात सांगते. त्या दुकानदाराने सगळं शिकवलं. मोठ्या टबात मासा वेगळा ठेवायचा, रोज तिसरा हिस्सा पाणी बदलायचं, पण शिळं करून. खडे मीठ मोजून. सुजेसाठी मेडिकलमधून ते मीठ, जे माणसाला पोट साफ करायला देतात. मी म्हटलं, डोळ्याचं दुखणं आणि जुलाबाचं औषध, डॉक्टर आहेस की वैरी? तो म्हणाला, "आजी, त्याने अंगातलं पाणी उतरतं." एक पिवळी पूड खाण्याला लावून. टबावर फडकं, उजेड कमी. स्पंज धुवायचा तो पेटीच्याच पाण्यात, नळाखाली नाही, त्यात चांगले जंतूसुद्धा असतात म्हणे. ऐकूनच अंगावर काटा आला. आणि शेवटी म्हणाला, "डोळ्याला हात लावायचा नाही. कोणी कोणी पुसायला जातात, वरचं कातडं निघतं." मी मान डोलावली. दोन आठवडे मी त्या टबापाशी बसले. मगाने पाणी काढलं, मगाने घातलं, माझ्या हातांनी त्याचं लोंबतं गोळा केलं. चौथ्या-पाचव्या दिवशी साय विरायला लागली, आठवड्याने चांगला डोळा स्वच्छ झाला, सूजही उतरली. पण तो दुसरा डोळा गेला. आत खोबण राहिली आणि वर कातडं चढलं.

आणि ही सगळ्या इमारतीला सांगत सुटली, "आमच्या आईंना एवढी किळस, तरी दोन आठवडे त्यांनीच केलं हो." माणसं यायची, मला बघायची, माझं कौतुक करायची. त्या कौतुकाला जो वास यायचा, आये, तो मी सहन केला, त्यापुढे पेटीचा काय? तिथून मी डॉक्टरीण झाले. मासा आणखी चार वर्षं जगला, एका डोळ्यावर. खाणं टाकलं की आधी अंग वळवायचा, चांगली बाजू वर करायचा, मग खायचा. मी बसायचे त्या बाजूला त्याची बंद बाजू असायची. मला ते बरं पडायचं.

अर्नाळ्याच्या बाईला मी एकदाच भेटले, हिने काढल्यावर वर्षभराने. एसटीच्या थांब्यावर. परत गावाला राहायला गेली होती, किनाऱ्यावर बोंबील सुकवायच्या कामाला. हातात सुकटीची पिशवी होती, त्यातली अर्धी तिने माझ्या पिशवीत ओतली, नको नको म्हणत असताना. मग विचारलं, "मावशी, डोला बरा झाला का त्याचा?" मी म्हटलं, "एक गेला." ती म्हणाली, "एकाने बी भागतं त्यांचं." मी तिच्या तोंडाकडे बघितलं, टोमणा आहे का ते शोधायला. नव्हता. ती त्या मास्तरणीसारखी हसली नाही, साधं हसली. तेव्हा मला तिथेच सांगता आलं असतं, चल माझ्याबरोबर, मी सुनेपुढे कबूल होते. एसटी आली. मी चढले. खिडकीची जागा मिळाली याचा मला आनंद झाला होता, तो आठवला की आजही स्वतःच्या तोंडाला चव राहत नाही.

आता हिने विचारलं, "ती कुठे राहते ते माहीत आहे तुम्हाला?" मी म्हटलं, माहीत आहे, वाळूत बोंबील वाळत घालायच्या बांबूच्या वलांडी आहेत त्यांच्या मागे, समुद्राकडे तोंड केलेलं घर. एसटीच्या थांब्यावर तिनेच सांगितलं होतं, या म्हणाली होती. हिने सरळ सांगितलं, "उद्या सकाळी दोघी जाऊ. बोलायचं तुम्ही. मी माझं बोलेन, पण आधी तुम्ही." हुकूमच झाला. आवाज बघ हिचा, साताऱ्याचा. 'आई' म्हणाली नाही अजून एकदाही, मघापासून. मोजते आहे मी.

हे पत्र कुठे टाकायचं ते काही ठरलेलं नाही. पाण्यात सोडू म्हटलं तर ही म्हणते, कागद पाण्यात टाकू नये, माशांना त्रास होतो. राहू दे कपाटात. तुझ्या हातात पडलं असतं तरी तू ते मासळी बांधायलाच वापरलं असतंस, आणि मला त्याचा राग आला नसता.

एक शेवटचं, आये, आणि ते खरं आहे. उद्या सकाळी उठल्यावर माझा गुडघा धरला आहे, पाय टेकवत नाही, असं मी हिला सांगणार होते. मघाशी हिने हुकूम सोडला तेव्हाच ठरवलं होतं, कण्हायचं कसं तेसुद्धा. हेही मी हिलाच लिहायला सांगितलं, आणि हिने मान वर न करता लिहिलं.